परतीचे दोर

बखर वाङ्मय शिकवताना सभासदाच्या बखरीतील सिंहगडाचा प्रसंग आला, की वर्गात दरवर्षी एकच प्रश्न येतो : "सर, यात घोरपड कुठे आहे?" घोरपड नाही, हे सांगितले की मुलांचे चेहरे पडतात. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला राजारामांच्या सांगण्यावरून लिहिलेल्या या बखरीत कोंढाण्याची हकिकत फार त्रोटक आहे. दोन चांगले मावळे निवडले. रात्री ते वानरांसारखे कडा चढून गेले. वर जाऊन त्यांनी माळ लावली. मग त्या माळेवरून तानाजी आणि तीनशे माणूस वर आले. पुढे लढाई, उदेभान, तानाजीचा मृत्यू. ते दोघे मावळे पुन्हा कुठेही येत नाहीत. त्यांची नावे सभासद देत नाही.

वीसेक वर्षे आम्ही दोघे हा उतारा शिकवीत आलो आणि वीसेक वर्षे त्या दोन मावळ्यांवरून पुढे सरकलो. मुले घोरपडीचे विचारीत, आम्ही पोवाड्याकडे वळत असू. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात ती आहे, तिचे मागे फिरणे आहे, तानाजीने तिला दिलेली तंबी आहे. तिचे 'यशवंती' हे नाव तर मराठी घराघरांत आहे. घोरपड माणसाचा भार पेलू शकते काय, यावर हौशी आणि जाणत्या दोन्ही मंडळींनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. त्या वादात आम्हांला उतरायचे नाही. ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्री कोणीतरी पहिला माणूस दोराविना वर गेलाच असला पाहिजे, कारण दोर बांधायला आधी वर माणूस लागतो. हे साधे गणित आमच्या ध्यानात यायला एक परदेशी माहितीपट पाहावा लागला, ही आमच्या वाचनाची लाज म्हणावी लागेल.

तो माहितीपट म्हणजे 'फ्री सोलो'. ॲलेक्स होनोल्ड या अमेरिकी प्रस्तरारोहकाने ३ जून २०१७ रोजी कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यातला एल कॅपिटन हा सुमारे ३००० फुटांचा ग्रॅनाइटचा कडा दोर, मेखा, साथीदार यांपैकी काहीही न घेता ३ तास ५६ मिनिटांत चढून दाखवला. पायांत रबरी तळव्याचे बूट आणि कमरेला खडूच्या भुकटीची पिशवी, एवढेच सामान. एलिझाबेथ चाय वासरहेली आणि जिमी चिन यांनी त्यावर केलेला माहितीपट २०१८ मध्ये आला आणि २०१९ मध्ये त्याला ऑस्करही मिळाले. आमच्याकडे तो पोचायला अर्थातच वेळ लागला. आम्ही तो पाहिला एका सहकाऱ्याच्या घरी, उन्हाळ्यात, कूलरच्या आवाजात. मूर्तिजापूर हे सपाट मुलूख. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती, कापूस, तूर, खारे पाणी. आमच्या गावात उंच म्हणजे पाण्याची टाकी. डोंगराविषयी आम्ही बोलावे हा तसा अनधिकारच. पण डोंगराविषयी मराठीत जे लिहिले गेले त्याविषयी बोलण्याचा अधिकार आम्ही आमच्याकडे ठेवतो.

त्या माहितीपटात आमचे लक्ष होनोल्डपेक्षा त्याच्याभोवतीच्या माणसांकडे अधिक गेले. चित्रीकरण करणारे सगळे स्वतः निष्णात चढाईपटू, त्याचे मित्र. त्यांना एक प्रश्न छळतो : आपल्या कॅमेऱ्यामुळे त्याचा पाय चळला तर? म्हणून सर्वांत अवघड टप्प्यावर माणूस ठेवायचाच नाही, दुरून चालणारे कॅमेरे लावायचे, असे ते ठरवतात. मिकी शेफर नावाचा छायाचित्रकार खाली जमिनीवर, दूर भिंगातून पाहतो आहे. आणि ऐन क्षणी तो कॅमेऱ्याकडे पाठ फिरवतो. त्याच्याने पाहवत नाही. टॉमी कॉल्डवेल, ज्याने २०१५ च्या जानेवारीत त्याच कड्यावरची 'डॉन वॉल' केव्हिन जॉर्गसनबरोबर सर केली, तो होनोल्डच्या तयारीत त्याच्यासोबत चढला. या चढाईची तुलना त्याने चंद्रावर उतरण्याशी केली. आणि तोच कॉल्डवेल ती होण्यापूर्वी मित्राच्या जिवासाठी धास्तावलेलाही होता.

सामान्य प्रेक्षकाच्या प्रतिक्रिया दोनच : 'काय हिंमत!' किंवा 'वेडा आहे!' या दोन्ही एकच गोष्ट सांगतात, की बोलणाऱ्याला कड्यावर काय घडले ते दिसलेले नाही. ज्यांना दिसले ते तसे बोलत नाहीत. आमचा एक वर्गमित्र पुण्यात असतो. तरुणपणी त्याने सह्याद्रीतले बरेच सुळके दोर लावून चढले. त्याला आम्ही फोनवर विचारले, तुला काय वाटले? तो बराच वेळ त्या माणसाच्या डाव्या पायाविषयी बोलत राहिला. अमुक जागी पकड नाही, नुसत्या बुटाच्या घर्षणावर उभे राहायचे आहे. अमुक जागी अंगठ्याएवढ्या कपारीवर भार टाकून दुसरा पाय लाथ मारल्यासारखा समोरच्या भिंतीवर टाकायचा आहे. मग म्हणाला, "आपल्याकडे हे करू नये. आपला दगड बेसॉल्ट, तो हातात येतो. वर गवत, पावसाळ्यानंतर माती. तो ग्रॅनाइट आहे." हिंमत हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही. शेवटी विचारले तेव्हा म्हणाला, "मी असतो तर मीही पाठ फिरवली असती."

जाणकाराची प्रतिक्रिया ही अशी असते, आणि काव्यशास्त्र शिकवणाऱ्याने यावर थबकायला हवे. सहृदय कोण, हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांना परीक्षेपुरता लिहायला लावतो. ज्याला कृतीचा तपशील कळतो त्यालाच तिचे भय कळते. ज्याला कळत नाही तो टाळ्या वाजवतो. भरताने वीररसाचा स्थायी भाव उत्साह सांगितला, हे सर्वांना पाठ असते. पण त्या उत्साहाचे विभाव सांगताना नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात पहिला शब्द येतो तो 'असंमोह', आणि त्यानंतर 'अध्यवसाय'. मग नय, विनय. बल आणि पराक्रम त्यानंतर. मोहात नसणे, गोंधळलेले नसणे, हे वीराचे पहिले लक्षण. निर्भयता हा शब्द त्या यादीच्या आरंभी नाही. होनोल्डने त्या मार्गावर दोर लावून वर्षभराहून अधिक काळ सराव केला, प्रत्येक पकड वहीत लिहून ठेवली, पाठ केली. हे वाचल्यावर आम्हांला 'अध्यवसाय' या शब्दाचा अर्थ प्रथमच नीट कळला असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

आता आपल्या वाङ्मयाकडे यावे. मराठीत कड्यावरच्या चढउताराच्या तीन कथा सर्वांना ठाऊक आहेत : तानाजीची, हिरकणीची आणि 'जैत रे जैत'मधल्या नाग्याची. तिन्हींत एक विलक्षण साम्य आहे. चढणाऱ्याचे हातपाय कुठेच दिसत नाहीत.

तानाजीच्या कथेत ते काम घोरपडीकडे गेले. दोन माणसे नुसत्या हातापायांनी रात्रीच्या अंधारात तो कडा चढली, हे सभासदाला सांगावेसे वाटले, लोकपरंपरेला मात्र ते पुरेसे वाटले नाही. हिरकणीच्या कथेत ते श्रेय वात्सल्याकडे गेले. रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले, घरी तान्हे बाळ, म्हणून गवळण अंधारात कडा उतरली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि तिथे बुरूज बांधला, अशी ही आख्यायिका. शाळेच्या पुस्तकापासून २०१९ च्या 'हिरकणी' चित्रपटापर्यंत तिचे तात्पर्य एकच राहिले, आईची माया. आम्हांला या तात्पर्याविषयी तक्रार नाही. पण माया असलेल्या आया त्या काळी रायगडाच्या पायथ्याशी पुष्कळ असतील. उतरली ती एकटी. रोज डोक्यावर दूध घेऊन गड चढणारी, त्या डोंगरात जन्म गेलेली बाई ती. तिला दगड कळत असणार, कारवीचे झुडूप कुठवर भार सोसते ते कळत असणार. तिच्या या ज्ञानाविषयी आपल्या वाङ्मयात एक ओळ नाही. स्त्रीच्या कौशल्याचे श्रेय तिच्या भावनेला देण्याची आपली सवय किती जुनी आहे, याचे हे उदाहरण म्हणून स्त्रीवादी समीक्षेच्या तासाला वापरता येईल; आम्ही वापरतो.

तिसरी कथा या दोहोंपेक्षा मोठी आहे. 'जैत रे जैत' ही गो. नी. दांडेकरांची कादंबरी. गोनीदांचा जन्म १९१६ चा, आमच्या परतवाड्याचा, ही गोष्ट वऱ्हाडातले प्राध्यापक संधी मिळेल तिथे सांगतात, तशी आम्हीही सांगून घेतो. जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये तिच्यावर चित्रपट केला. राणीमाशीने डोळा घेतलेला ठाकर नाग्या लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी उद्ध्वस्त करण्याचा पण करतो, डोंगर चढतो, जिंकतो. आणि माश्यांच्या त्या कल्लोळात खाली चिंधीचा जीव जातो. इथे प्रथमच मराठी कथेने विचारले, की वर जाणाऱ्याच्या साहसाची किंमत कोण देतो. 'फ्री सोलो' पाहताना आमच्यापैकी एकाला सारखी चिंधी आठवत होती. होनोल्डची मैत्रीण सॅनी मकँडलेस त्या चढाईपूर्वी योसेमिटीतून निघून जाते, गाडीत बसते, रडू आवरत नाही. तो वर असताना खाली असणाऱ्याने काय करायचे असते? स्मिता पाटील यांच्या चेहऱ्यावर हा प्रश्न होता. त्याचे उत्तर चित्रपट देत नाही, हे त्याचे मोठेपण.

आणि हा प्रश्न केवळ काव्यशास्त्राचा नाही, हे आम्हांला एका सहलीत कळले. महाविद्यालयाची सहल चिखलदऱ्याला गेली होती. गाविलगड पाहायचा होता. मुलांना आम्ही इतिहास सांगत होतो : १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. बाहेरच्या तटाला खिंडार पडले, पण आतल्या किल्ल्याचा दरवाजा उघडेना. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलने ९४व्या पलटणीतली काही माणसे घेऊन शिडीने भिंत ओलांडली आणि आतून दरवाजा उघडला. (इंग्रजांच्या खलित्यात कॅम्पबेलचे नाव आहे. सभासदाच्या दोघांचे नाही. खलिता बढतीसाठी वाचला जाई, बखर राजासाठी. फरक एवढाच असेल.) हे सांगत असतानाच ओरडा झाला. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा एका ढासळलेल्या बुरुजाच्या सुट्या उरलेल्या भागावर चढत होता. उंची तीसएक फूट असेल. मोबाइल बाहेर निघाले. आम्ही ओरडलो, तो वरूनच म्हणाला, "पाय बसला का काईच होत नाई, सर." तो माथ्यावर पोचला, दोन्ही हात उंच केले आणि खाली टाळ्या झाल्या. आमच्यापैकी एकाने टाळ्या वाजवल्या. हे लिहिणे सोपे नाही, पण वाजवल्या.

मग त्याला उतरता येईना. त्या भागाच्या दोन्ही बाजू ढासळलेल्या, आणि चढताना ज्या दगडावर पाय ठेवला तो वरून दिसत नव्हता. तो खाली बसला. दहा मिनिटांत त्याचा आवाज बदलला. मुले मोबाइल खाली ठेवून वेगवेगळ्या सूचना देऊ लागली, मुली रडू लागल्या, आम्ही दोघे वीस वर्षे भाषा शिकवणारे, आम्हांला एक उपयोगी वाक्य सुचेना. गुरे घेऊन एक म्हातारा तिथून चालला होता. तो थांबला, मुलांना गप्प बसवले, बुरुजाच्या अगदी पायाशी उभा राहिला. मुलाच्या तोंडाकडे त्याने पाहिलेच नाही. त्याची नजर त्याच्या पायांवर. "डावा खाली. अजून वीतभर. आता तिथंच ठेव. हात सोडू नको. आता उजवा." असे पाऊण तास. मुलगा जमिनीवर आला तेव्हा म्हाताऱ्याने त्याला एवढेच विचारले, "उतराचं कसं, थे पायलं होतं का आंधी?" आणि गुरांमागे निघून गेला.

पाउल प्रॉइस नावाच्या ऑस्ट्रियन आरोहकाने १९११ मध्ये मेखा आणि दोर यांवर विसंबण्याविरुद्ध मोठा वाद घातला होता. त्याचे एक तत्त्व असे, की जे उतरता येत नाही ते चढू नये. आम्ही हे नंतर कधीतरी वाचले आणि दोघांनाही तो म्हातारा आठवला. प्रॉइस स्वतः १९१३ मध्ये एकट्याने, दोराविना चढताना पडून गेला, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत दोराविना चढाईचा दरारा निर्माण करणारा जॉन बाकर २००९ मध्ये तसाच गेला. तत्त्व बरोबर असले म्हणून दगड माफ करीत नाही. आणि दोर असला म्हणूनही करीत नाही : सह्याद्रीत आयुष्य घालवलेले अरुण सावंत जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दोराने उतरण्याच्या मोहिमेतच गेले.

परतताना बसमध्ये मुले ते चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहत होती. ते माथ्यावर, टाळ्यांपाशी संपत होते. उतरण्याचे कोणीच टिपले नव्हते.

आता शीर्षकातल्या शब्दांकडे. तानाजी पडल्यावर मावळे मागे हटू लागले, तेव्हा सूर्याजीने (सांगणाऱ्यागणिक शेलारमामाने) कड्यावरचे दोर कापले, आता लढा किंवा मरा असे बजावले, अशी सांगी आहे. त्यातून 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार मराठीला मिळाला. आज तो सर्वांत जास्त कोठे ऐकू येतो? स्पर्धा परीक्षेच्या व्याख्यानांत. आमच्याच सभागृहात एका वक्त्याने मुलांना सांगितले, की दुसरा पर्याय मनात ठेवणारा हरतो; तानाजीच्या मावळ्यांसारखे परतीचे दोर कापा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या बाकावर बसलेल्या आम्हीही वाजवल्या असतील.

आमचे विद्यार्थी शेतकऱ्यांची मुले. दोन-तीन एकर कापूस, विहिरीला खारे पाणी. ती पुण्याला जातात, सदाशिव पेठेत खाटेपुरती जागा भाड्याने घेतात, अभ्यासिकेत बसतात. जागा थोड्या, बसणारे लाखांत. सहा वर्षांनी एकजण परत आला तो थेट आमच्या घरी. तासिका तत्त्वावर कुठे काही मिळेल का, विचारायला. स्वतःच्या घरी जायला त्याला चार दिवस लागले. म्हणाला, "दोर कापून गेलो होतो ना, सर." तो हसत म्हणाला. आम्हांला हसता आले नाही. आमच्या या मुलखात दोर या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो इथल्या कोणत्याही घराला समजावून सांगावा लागत नाही.

आमच्या दोघांत इथे मतभेद आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. एकाचे म्हणणे असे, की परत फिरता येणार नाही या जाणिवेशिवाय कोणतेही मोठे काम होत नाही. कवीलाही कुठेतरी दोर कापावे लागतात. दुसऱ्याचे म्हणणे, सूर्याजीने दोर कापले ते वर पोचल्यावर, आणि सेनापती पडलेला असताना. ती युद्धातली तातडी होती, तिला जगण्याची रीत करू नये. शिवाय होनोल्डचेच पाहा. दोर नसलेला हा माणूस नोव्हेंबर २०१६ मध्ये पहिल्यांदा निघाला तेव्हा खालच्याच टप्प्यात, मन मानेना म्हणून परत फिरला. कॅमेरे लागलेले होते, माणसे ताटकळली होती, पैसा गुंतला होता. तरी फिरला. आणि पुढच्या जूनमध्ये गेला. २०१४ मध्ये क्लिफ बार या पुरस्कर्त्या कंपनीने तो आणि त्याच्यासारखे काहीजण फार धोका पत्करतात म्हणून त्यांच्याशी संबंध तोडले, तेव्हाही त्याने आकांडतांडव केले नाही. कंपनीची भूमिका आपल्याला समजते, पण किती धोका घ्यायचा ते आपले आपण ठरवू, अशा आशयाचे लिहिले. पहिला मित्र यावर म्हणतो, की परत फिरून पुन्हा गेला म्हणून तू हे सांगतोस. परत फिरून गेलाच नसता तर त्याचा माहितीपट निघाला असता काय? या प्रश्नाला दुसऱ्याजवळ उत्तर नाही. परत फिरलेल्यांचे वाङ्मय आपल्याकडे नाही, हे दोघांनाही मान्य आहे.

यंदा बखरीच्या तासाला आम्ही घोरपडीआधी त्या दोन मावळ्यांपाशी थांबलो. फळ्यावर कडा काढला, दोन ठिपके काढले. विचारले, माळ लावण्यापूर्वी हे वर कसे गेले असतील? थंडीतली अंधारी रात्र, पाय अनवाणी की वहाणा, शस्त्र पाठीला की कमरेला, माळेचे ओझे कोणाकडे? वर्ग पाऊण तास बोलत होता. एरवी न बोलणारी, रानात राबणारी मुले अधिक बोलली. तास संपताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, की वर गेल्यावर पहारा जागा आहे असे दिसले असते, तर ते दोघे त्या अंधारात खाली कसे आले असते?

सभासदाने त्याविषयी काही लिहिलेले नाही, असे आम्ही सांगितले. तिने ते वहीत लिहून घेतले.